सांचीसाठी पॅनकेक

कॅन्सरमध्ये सगळ्यात वाईट काय होतं, असं मला लोक विचारतात. त्यांना 'केस गेले' हे उत्तर हवं असतं. केसांबद्दल सगळे भरभरून बोलतात. केस परत येतात हो. माझेही आलेत, आणि आधीपेक्षा कुरळे आलेत.

मी लिहायला बसले त्याचं कारण वेगळं आहे. मागच्या तपासणीला गेले तेव्हा शेजारच्या खुर्चीवर एक मुलगी बसली होती. माझ्याहून बरीच लहान, हाताला सलाईन. तिनं माझ्या डोक्याकडे बघितलंही नाही. बोलता बोलता माझ्या मुलीचा विषय निघाला, तशी तिनं विचारलं, तिला तेव्हा कुठे ठेवलं होतं? तिचं बाळ नुकतंच चालायला लागलं होतं. मी म्हटलं, जाऊबाईंकडे ठेवलं, अगदी छान राहिली. तेवढ्यात आतून माझं नाव पुकारलं आणि मी उठले. बाहेर आले तर ती खुर्ची रिकामी. तिला जे सांगायचं राहिलं ते इथे सांगते. औषधांची नावं आणि डोस मला विचारू नका. ती माहिती डॉक्टरांकडे आहे, तिथेच राहू दे.

निळे डाग

मी शुभांगी. माहेर अकोल्याचं. शिकायला पुण्यात आले, नोकरी लागली, लग्न झालं आणि धायरीत घर घेतलं. नवरा नितीन खराडीतल्या एका कंपनीत आहे. मुलगी सांची. तेव्हा ती दोन वर्षांचीही नव्हती.

आधी पायांवर निळे डाग दिसायला लागले. पलंगाचा कोपरा लागला असेल म्हणून सोडून दिलं. मग दात घासताना रक्त. मग जिना चढताना दम. एवढ्या लहान पोरीच्या आईला दम लागला तर त्यात नवल ते काय, असं मीच सगळ्यांना सांगत होते. शेवटी नितीननं जबरदस्तीनं आमच्या डॉक्टरांकडे नेलं आणि रक्त तपासायला दिलं. रिपोर्ट मोबाइलवर येणार होता. त्याऐवजी लॅबमधून फोन आला. पुन्हा एकदा रक्त द्यायला या म्हणाले, आणि सोबत कोणाला तरी आणा. त्या 'सोबत'नेच मला समजायचं ते समजलं.

मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई फार हळू आवाजात बोलल्या. रक्ताचा कॅन्सर आहे, उपचार आहेत, आजच दाखल व्हायचं. मला त्या हळू आवाजाचा राग आला. नितीन प्रश्न विचारत होता आणि मी समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. मग त्यांनी विचारलं, बाळ अंगावर पितं का? मी म्हटलं, फक्त झोपताना.

"ते आता बंद करावं लागेल. आजपासूनच."

कॅन्सर म्हटल्यावर मी रडले नव्हते. ह्याला रडले. आदल्या रात्री सांची पीत पीत झोपली होती आणि मी एका हातात मोबाइल धरून कुठल्या तरी पडद्यांच्या डिझाइन्स बघत होते. हे शेवटचं आहे असं मला कोणी सांगितलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी टिश्यूचा डबा पुढे सरकवला, आणि मला घरी न पाठवता तसंच वर वॉर्डात नेलं.

वॉर्ड

दोन-तीन दिवसांत छाती दगड झाली. ज्या वेळी सांचीला झोपवायचे त्याच वेळी दूध दाटून यायचं. गाऊन भिजायचा. नर्स रक्त काढायला आली की मला लाज वाटायची. वॉर्डात झाडलोट करणाऱ्या एक मावशी होत्या. त्यांनी काही न विचारता माझीच ओढणी घेतली, पाठीमागून घट्ट बांधून दिली आणि म्हणाल्या, जातं गं बाई चार दिवसांत. त्या वेळी मला त्या मावशी सगळ्या डॉक्टरांपेक्षा मोठ्या वाटल्या. दूध खरंच गेलं. ते गेलं त्या दिवशी मी पुन्हा रडले.

वॉर्डातला दिवस कसा जातो हे ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको. पहाटे ताप बघतात, मग वजन, मग रक्त. मग आज काउंट किती, म्हणजे रक्तातल्या पेशी किती, हा एकच प्रश्न, जसा बाहेर लोक क्रिकेटचा स्कोअर विचारतात. भेटायला येणाऱ्यांना आत सोडत नव्हते, ही देवदयाच म्हणायची. तरी फोनवरून पपईच्या पानांचा रस, गव्हांकुर, गोमूत्र असं सगळं मला पाजून झालं. एका लांबच्या नातेवाइकांनी तर अगदी आनंदानं सांगितलं, की त्यांच्या ओळखीतली एक बाई ह्याच आजारानं गेली, पण शेवटपर्यंत हसत होती. मी म्हटलं, मला नाही जमणार हो हसायला, तुम्ही यादीतून माझं नाव काढा.

सांचीला आणायचं नाही, हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. लहान मुलांना सारखी सर्दी, आणि माझ्या अंगात तिच्या सर्दीशी लढण्याइतकंही बळ नव्हतं. दोन केमोंच्या मध्ये मी धायरीला घरी असायचे, अकोल्याहून माझी आई येऊन राहिली होती, पण त्याच घरात सांची नको. म्हणून ती खराडीला गेली. तिथे नितीनचा मोठा भाऊ राहतो. त्याची बायको वर्षाताई, म्हणजे माझी जाऊ, आणि त्यांची दहा वर्षांची रेवा. नितीनचं ऑफिस तिथून जवळ. तो रोज संध्याकाळी सांचीला भेटायचा आणि मग स्वारगेटच्या गर्दीतून वाट काढत माझ्याकडे यायचा. आज काय खाल्लं, काय बोलली, हे सगळं तो सांगायचा. मी त्याच्या शर्टाचा वास घेऊन बघायचे. तिच्या पावडरीचा वास कधी यायचा, कधी नाही.

थोडे दिवस म्हणून पाठवली होती. मध्ये मला छातीत इन्फेक्शन झालं, सगळं लांबलं. थोड्या दिवसांचं दीड वर्ष झालं.

फोन

स्टेरॉइडनी माझा चेहरा गोल गरगरीत झाला. भुवयाही गेल्या. व्हिडिओ कॉल लावला की सांची स्क्रीनकडे बघायची आणि वर्षाताईंच्या खांद्यात तोंड खुपसायची. एकदा किंचाळलीच. मी वर्षाताईंना म्हटलं, व्हिडिओ नको, नुसता आवाज ऐकवा. त्या बिचाऱ्यांनी फ्रिजवर माझा फोटो लावला आणि झोपायच्या आधी सांचीला रोज त्या फोटोला पापी द्यायला लावायच्या. फोटोतल्या मला कंबरेपर्यंत केस होते.

म्हणून त्या खुर्चीवरच्या मुलीला माझं सांगणं आहे, की मूल लांब ठेवावं लागतं, ठेव, त्याला इलाज नाही. पण तोंड सुजलं, डोकं चकोट झालं तरी व्हिडिओ बंद करू नकोस. घाबरू दे त्याला. घाबरत घाबरत सवय होऊ दे.

आमच्या सासरी एक गंमत आहे. मुलं घरात जी हाक ऐकतात तीच मारतात. नितीन आणि त्याचा भाऊ स्वतःच्या सख्ख्या आईला शेवटपर्यंत 'वहिनी' म्हणायचे, कारण घरातले सगळे काका तिला वहिनी म्हणायचे. लग्न ठरलं तेव्हा मला ह्याचं इतकं हसू आलं होतं, की होणाऱ्या सासूबाईंपुढे बसून मी पोट धरून हसले होते. आणि आता सांची बोलायला शिकत होती ती रेवाच्या घरात. रेवा वर्षाताईंना आई म्हणते आणि मला शुभाकाकू.

एकदा फोनवर रेवानं विचारलं, शुभाकाकू, कशी आहेस? तिच्या मागून बारीक आवाज आला, "काकू, कशी आहेस?" मला वाटलं नक्कल करतेय. मी हसले. मग त्याच फोनवर, थोडं लांबून ऐकू आलं, "आई, भूक." आणि वर्षाताईंचा आवाज, अगदी सवयीनं, "आले गं राणी."

मी म्हटलं, माझ्या फोनचं चार्जिंग संपतंय, आणि ठेवला.

त्या संध्याकाळी नितीन धायरीला घरी आला तेव्हा मी विचारलं, तुला माहीत होतं? तो पायातले मोजे काढत राहिला. रोज तर ऐकत होता तो. म्हणाला, तुझे काउंट खाली होते, कशाला सांगायचं. मी त्याला वाटेल ते बोलले. आजारी माणसाला कोणी उलट बोलत नाही, त्याचा मी पुरेपूर फायदा घेतला. माझी आई शेवटी आतून आली आणि तिच्या वऱ्हाडीत म्हणाली, "लेकराचं काय चुकलं वं? अन् त्या वर्षाचं तरी काय चुकलं? सांग न मले." तीच तर पंचाईत होती. मला कोणावर तरी चिडल्याशिवाय राहवत नाही, आणि इथे चिडायला एक माणूस सापडेना.

रविवार

रिपोर्ट स्वच्छ आला. गोळ्या अजून बराच काळ घ्यायच्या आहेत, पण मूल घरी आणायला हरकत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि ह्या वेळी मोठ्यानं म्हणाल्या. नितीननं पेढे आणले. आईनं घरातल्या बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावली आणि तिथेच डोळे पुसत बसली. मला पेढ्याची चव लागत नव्हती, पण मी दोन खाल्ले.

एकदम नको, हळूहळू आणू, असं ठरलं. आधी दर रविवारी वर्षाताई तिला घेऊन दिवसभर आमच्याकडे यायच्या. पहिल्या रविवारी सांची सोफ्याच्या कडेला बसली. बूट काढू देईना. आईनं शिरा केला होता, तो तिनं बघितला आणि वर्षाताईंच्या कानात काही सांगितलं. वर्षाताई ओशाळल्या. म्हणाल्या, आमच्याकडे रविवारी सकाळी पॅनकेक असतात, पाकिटातले, रेवाचं फॅड आहे.

पुढच्या रविवारसाठी मी सिंहगड रोडच्या दुकानातून पॅनकेकचं पाकीट आणलं. मनात म्हटलं, त्यात काय एवढं, दूध घालायचं आणि तव्यावर टाकायचं. केमोनं माझ्या बोटांची शेवटची पेरं बधिर झालीत. बटण लागत नाही, सुईत दोरा जात नाही. पाकीट फाडता येईना म्हणून दातांनी फाडलं. पाठीवर लिहिलं होतं, गुठळ्या राहू द्या, फार ढवळू नका. वाचलं मी ते. पण उभ्या जन्मात धिरड्याच्या पिठात गुठळी राहू दिली नाही, हात थांबतो कुठला. चांगलं घोटून घोटून एकजीव केलं. डाव तव्यावर ओतला आणि मनगट आपोआप गोल फिरलं. वर कडेनं तेल सोडलं, झाकण ठेवलं. आई येऊन बघून गेली. "हे तं धिरडंच हाय वं," ती म्हणाली. "साखर टाकून मोठं नाव ठेवलं."

सांचीनं ते चामट धिरडं ताटलीत उचलून बघितलं, खाली ठेवलं आणि माझ्याकडे वळून शहाण्या मुलीसारखं म्हणाली, "काकू, मला नको. थँक्यू."

पाहुण्यांकडे कसं बोलायचं हे वर्षाताईंनी तिला नीट शिकवलेलं होतं.

नितीन पटकन म्हणाला, काकू नाही गं, आई. वर्षाताईही म्हणाल्या, ही आई आहे ना तुझी, फोटोतली. माझी आईही तेच म्हणाली. दर रविवारी तिघं मिळून तिला दुरुस्त करायला लागले. सांचीनं त्यावर तोडगा काढला. तिनं मला हाक मारणंच सोडून दिलं. पाणी हवं असलं की येऊन माझ्या कुर्त्याचं टोक ओढायची आणि वर बघायची. मला वाटायचं, काकू तर काकू, पण काहीतरी म्हण गं.

वर्षाताईंचा फोन

हे असं बरेच रविवार चाललं. शेवटी वर्षाताईंचाच एक दिवस दुपारी फोन आला. शनिवारी नितीन एकटाच सांचीला घेऊन येईल, कायमची, कपडे भरून ठेवलेत, असं त्यांनी सांगितलं. आणि म्हणाल्या, "मी आता काही दिवस येत नाही, शुभांगी. माझा फोनही तिला देऊ नकोस. मी दिसले की ती माझ्याकडेच येणार."

"आणि तुम्ही, ताई?"

"माझं मी बघते."

नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, पॅनकेक करशील तेव्हा पीठ घोटू नकोस. वाटीत दूध घालून चार वेळा फिरव आणि सोडून दे. तवा बारीक ठेव. डाव एकाच जागी ओत, पसरू नकोस, ते आपलं आपण पसरतं. वर बुडबुडे येऊन फुटले की उलट. तिला बुडबुडे बघायला आवडतात, स्टूलवर उभी कर, पण धरून ठेव हं. आमचं दोघींचं तोवर फोनवर रडून झालं होतं आणि तरीही त्या मधाची बाटली कुठली आणायची ते सांगत होत्या. दीड वर्ष माझं मूल सांभाळून त्या बाईला मिळालं काय, तर हे. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटत होतं आणि त्यांनी लवकर फोन ठेवावा असंही वाटत होतं. दोन्ही खरं होतं.

ही हाक

शनिवारी सांची आली. बॅगेत इस्त्री केलेले फ्रॉक होते, तिची छोटी उशी होती. बाबा बरोबर होता, आजी गोष्ट सांगत होती, त्यामुळे रात्र निभावली. तिला वाटलं असेल, पाहुणी म्हणून राहिलेय.

रविवारी सकाळी मी पीठ भिजवलं. चार वेळा फिरवलं आणि चमचा हातातून खाली ठेवून दिला. गुठळ्या दिसत होत्या, जीव वर-खाली होत होता, पण हात लावला नाही. सांचीला स्टूलवर उभं केलं आणि एका हातानं धरलं. डाव ओतला. पीठ आपलं आपण गोल झालं. सांची माझ्यापेक्षा जास्त टक लावून बघत होती. बुडबुडे आले. ती म्हणाली, अजून नाही. मग म्हणाली, फुटले, आता उलट. मी उलटलं. छान बदामी, फुगलेलं. सांचीनं टाळ्या वाजवल्या आणि मला वाटलं, बाई गं, जमलं.

ह्या आनंदात माझं बोट तव्याला लागलं होतं ते मला कळलंच नाही. सांचीनं बघितलं. लाल फोड आला होता. "बाऊ," ती म्हणाली. तिनं माझा हात तिच्या दोन्ही हातांत घेतला, तोंडाजवळ नेला आणि फुंकर घातली. एकदा नाही, थांबून थांबून, नीट. घरी आल्यापासून तिनं आपण होऊन मला हात लावला तो तेव्हा. बधिर बोटाला फुंकर काही कळत नाही. पण मनगटाला कळली. माझी आई स्वयंपाकघराच्या दारात होती, ती तोंड फिरवून आत निघून गेली.

सांचीनं दोन पॅनकेक खाल्ले. बोटाला लागलेला मध चाटला. मी समोर बसून बघत होते. खूप दिवसांनी मला स्वतःलाही भूक लागली होती.

मग ती खुर्चीवरून उतरली, दाराशी जाऊन बूट घातले, उलटसुलट, आणि म्हणाली, "झालं. आता आईकडे."

नितीन तिच्यासमोर गुडघ्यावर बसला. ही बघ आई, असं त्यानं माझ्याकडे बोट करून सांगितलं, आता आपण इथेच राहायचं. सांचीनं माझ्याकडे बघितलं. मग दाराकडे बघितलं. आणि ती दारावर हात आपटून रडायला लागली. आई, आई, आई. समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनींनी दार उघडून बघितलं आणि हसून परत लावलं. त्यांना वाटलं असणार, आईला हाका मारतेय, आई जवळच आहे, उचलून घेईल. मी तिच्या मागे हातभर अंतरावर उभी होते. दीड वर्ष ज्या एका हाकेसाठी मी सुया टोचून घेतल्या, ओकले, पुन्हा उठून बसले, ती हाक माझ्या घरात, माझ्या मुलीच्या तोंडून मला ऐकू येत होती, आणि ती माझी नव्हती.

नितीननं फोन काढला, वर्षावहिनीला लावू का, असं मला डोळ्यांनीच विचारलं. मी मान हलवली. नको.

मी तिला उचललं. तिनं पाठ ताठ केली, पाय झाडले, उलटा बूट माझ्या पोटात लागला. मी सोडलं नाही. घरभर फिरवलं, गॅलरीत नेलं, खालची कुत्री दाखवली. ती थकली, डोकं माझ्या खांद्यावर टेकलं, पण हुंदके देत तेच चालू होतं, आई, आई. तिला गप्प करेल असं मला एकच वाक्य माहीत होतं. ते मी म्हणायचं टाळत होते. शेवटी तिच्या पाठीवर थोपटत म्हटलं.

"येणार हं. आई येणार. रडू नको."

तिनं मान वर केली. डोळे पुसले, माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि कितीतरी रविवारांनंतर पहिल्यांदाच मला हाक मारून काहीतरी विचारलं.

"खरंच, काकू?"

"खरंच," मी म्हटलं, आणि ती गप्प झाली.